पाकोळ्यांची मोजदाद

बुलढाणा जिल्ह्यांतील एखाद्या जुन्या गांवच्या वेशीपाशीं सूर्यास्ताच्या सुमारास घटकाभर उभें राहिलें, तर डोक्यावर एक विलक्षण गलबला ऐकूं येतो. पन्नास-पाऊणशें काळे पक्षी एकमेकांचा पाठलाग करीत, किंचाळत, वेशीच्या बुरजाभोंवतीं गरगर फिरत असतात. त्यांचा थवा क्षणांत दाटतो, क्षणांत विखुरतो. आणि अंधार पडूं लागतांच त्यांतील एकेक पक्षी, आतां हा भिंतीवर आदळणार कीं काय अशा वेगानें येऊन, कमानीखालच्या काळोखांत नाहींसा होतो. कोणी यांना पाकोळ्या म्हणतात, कोणी वटवाघळांचीं पिलें समजतात, आणि बहुतेकजण त्यांच्याकडे पाहतच नाहींत. घरांत जशी पाल, तशी वेशींत पाकोळी, ती असायचीच. गेल्या वर्षीं या वेशींत पाकोळ्या किती होत्या असा प्रश्न केला, तर विचारणाराचेंच कांहींतरी बिघडलें आहे असें गांवकऱ्यांस वाटेल. आजच्या भाषणाचा विषय नेमका तोच प्रश्न आहे.

पाकोळी ओळखणें अवघड नाहीं. अंगानें ती चिमणीएवढी, रंगानें काळपट. गळा पांढरा, आणि शेपटीलगतचा पाठीचा भागही पांढरा. शेपटी आंखूड व चौकोनी. पंख मात्र लांब, निमुळते, विळ्याच्या पात्यासारखे मागें वळलेले. विजेच्या तारेवर ओळीनें बसलेले निळसर काळे पक्षी आपण पाहतों त्या भिंगऱ्या होत. पाकोळी तारेवर कधींच बसत नाहीं. ती बसूंच शकत नाहीं, कारण तिच्या पायाचीं चारही बोटें पुढच्या बाजूस वळलेलीं असतात. अशा पायांनीं उभ्या भिंतीला लोंबकळतां येतें, पण फांदी किंवा तार धरतां येत नाहीं. युरोपांतील पंडितांनीं या पक्ष्यांच्या कुळीला 'अपस' हें ग्रीक वळणाचें नांव दिलें. त्याचा अर्थ 'पाय नसलेला' असा आहे. पाय आहेत, पण असून नसल्यासारखे, हें त्यांच्या ध्यानांत आलें होतें. वटवाघळाचा संशय येत असेल, तर उडण्याची तऱ्हा पाहावी. लहान वटवाघूळ हवेंत ठेचकाळत, वळणें घेत जातें. पाकोळी हवा कापीत जाते, आणि वटवाघळें बाहेर पडण्याच्या वेळीं ती बहुधा घरीं परतलेली असते. जेथें ताडाचीं झाडें आहेत, तेथें तिची एक बारीक अंगाची, दुभंगलेल्या शेपटीची बहीण आढळते, ती ताडपाकोळी. तिच्या पाठीवर पांढरा पट्टा नसतो, व तिची गणती वेगळी ठेवावी लागते.

पाकोळीचा सारा संसार हवेंत चालतो. उडते किडे, उडत्या मुंग्या, वाळवीचे पंख फुटलेले थवे, हें तिचें अन्न, आणि तें ती उडतां उडतांच टिपते. पाणीही तळ्यावरून उडत जातां जातां चोंचीनें उचलते. घरट्यासाठीं पिसें व काड्या लागतात. त्याही वाऱ्यावर तरंगत असतील तेव्हां धरावयाच्या. मग आपली चिकट लाळ लावून त्या पिसाकाड्यांचा एक ओबडधोबड गोळा ती तुळईला किंवा कमानीच्या पोटाला चिकटविते आणि त्याला अरुंद तोंड ठेविते. एका घरट्याला एक चिकटून, त्याला तिसरें, अशी त्यांची चाळच उभी राहते. हें काम आठवडेच्या आठवडे चालतें. या श्रमाची किंमत चिमणीला चांगली ठाऊक असते. पुष्कळदां घरटें पाकोळीनें बांधावें आणि आयती चिमणीनें त्यांत बिऱ्हाड थाटावें, असा प्रकार दिसतो.

युरोपांतील पाकोळी हिच्याहून निराळी. ती उन्हाळ्यापुरती तिकडे येते, पिलें वाढविते आणि आफ्रिकेकडे निघून जाते. स्वीडनमधील लुंड विद्यापीठाच्या संशोधकांनीं तिच्या पाठीवर इवलींशीं यंत्रें बांधून २०१६ सालीं असें दाखविलें कीं, विणीचा काळ सोडला तर त्यांतील कांहीं पक्षी सलग दहा महिने जमिनीला वा झाडाला टेकतच नाहींत. तिची गणती करावयाची तर त्या थोडक्या उन्हाळ्यांतच. आपल्याकडील घरपाकोळी एवढी संन्यस्त नाहीं. ती बाराही महिने रात्रीं आपल्या घरट्यांत निजावयास येते. म्हणजे जो पक्षी दिवसभर हाताला लागत नाहीं, तो रोज तिन्हीसांजेला आपल्या दाराशीं स्वतः हजेरी द्यावयास येतो. हजेरीपट मात्र कोणी ठेवीत नाहीं.

ही पाकोळी माणसाच्या आश्रयानें वाढली. तिचें मूळचें घर उभे कडे आणि गुहा. परंतु माणसानें दगडविटांचे कडे उभारण्यास आरंभ केल्यावर तिनें ते आपलेसे केले. त्या दृष्टीनें बुलढाणा जिल्हा पुष्कळ संपन्न म्हटला पाहिजे. सिंदखेडराजास राजे लखुजी जाधवांचा वाडा व त्यांची भव्य समाधि. लोणारास दैत्यसूदनाचें देवालय आणि सरोवराच्या कांठचीं पडकीं मंदिरें. मेहकरास कंचनीचा महाल. रोहिणखेडास सोळाव्या शतकांतील मशीद. शिवाय गांवोगांवच्या वेशी, गढ्या, सावकारी वाडे आणि इंग्रजी अमदानींतील कचेऱ्या. इतिहासाच्या अभ्यासकाला जीं स्थळें जिजाऊंच्या जन्मासाठीं किंवा प्राचीन शिल्पासाठीं वंद्य वाटतात, त्यांची योग्यता पाकोळी केवळ कमान, कोनाडा, तुळई आणि भेग एवढ्यावरून ठरविते. मोजणाराने आरंभ करावा तो अशाच ठिकाणांपासून.

आतां या इमारतींचें काय चाललें आहे? गांवांतील वाडे एकामागून एक पडत आहेत आणि त्यांच्या जागीं सपाट छताचीं घरें उभीं राहत आहेत. जीं स्मारकें शासनाच्या संरक्षणांत आहेत, त्यांची डागडुजी होत असते. सिंदखेडराजास २०२४ सालीं लखुजीराजांच्या समाधीच्या परिसरांत जतनाचें काम चालू असतांना भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाला शेषशायी विष्णूची मोठी मूर्ति सांपडली, तेव्हां ती वार्ता घरोघर पोंचली. असें जतन अगत्याचेंच आहे. त्याविरुद्ध एक अक्षरही बोलण्याचें कारण नाहीं. परंतु कोठल्याही जुन्या इमारतीची भेग बुजविणाऱ्या गवंड्याला त्या भेगेंत कोण राहतें हें सांगणारा कोणी नसेल, तर त्याच्या हातून काय होईल तें उघड आहे. कबुतरांच्या त्रासामुळें कमानींना नायलॉनचीं जाळीं लावतात, त्यांत पाकोळीची वाटही बंद होते. देवळांत नवसाचा तेलरंग चढतो, त्याच्या आदल्या दिवशीं केरसुणी बांधलेली काठी फिरते. दिवाळीपूर्वींच्या साफसफाईंत ओसरीच्या तुळया झाडल्या जातात. यांत कोणाचाही दुष्ट हेतु नसतो. खालीं विष्ठा पडते, पिसें उडतात, अंगण सारवलेलें असतें. गृहिणीचा राग रास्तच असतो. घरट्यांच्या हातभर खालीं एक फळी ठोकली तर अंगण स्वच्छ राहतें व घरटींही वांचतात. एवढा साधा उपाय पुष्कळांना सुचत नाहीं, याचें मात्र आश्चर्य वाटतें.

येथें एका गैरसमजाचें निरसन केलें पाहिजे. सिमेंट आलें म्हणून पाकोळी गेली, असा विलाप ऐकूं येतो. तो खरा नव्हे. पाकोळीला सिमेंटचें वावडें नाहीं. काँक्रीटच्या पुलांखालीं, इस्पितळांच्या व महाविद्यालयांच्या दर्शनी ओट्यांवरील छताच्या कोपऱ्यांत, आगगाडीच्या स्थानकांवर ती सुखानें नांदते. तिला डोक्यावर आडोसा, पुढें मोकळी हवा आणि लाळ धरून ठेवील असा खडबडीत पृष्ठभाग पाहिजे. चुना आणि सिमेंट हा भेद आपला. तिचा भेद खडबडीत आणि गुळगुळीत, झाडलेलें आणि न झाडलेलें, एवढाच. त्यामुळें एका मोहल्ल्यांतून हुसकावलेली पाकोळी दुसऱ्या मोहल्ल्यांत गेली कीं संपली, हें नुसत्या हळहळीनें कळत नाहीं. दोन्ही ठिकाणीं मोजलें तरच कळतें.

मोजण्यानें काय साधतें, याचीं दोन उदाहरणें पुरेशीं आहेत. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या निसर्गेतिहास संग्रहालयाचा एक मनोरा आहे. त्याच्या वायुमार्गांत पाकोळ्या राहत असत. डेव्हिड लॅक या पक्षिशास्त्रज्ञानें १९४८ सालीं तेथें घरट्यांच्या पेट्या बसविल्या व त्यांच्या मागील बाजूस कांच लावून त्यांची नोंद सुरू केली. लॅक १९७३ सालीं निवर्तला. नोंद चालूच राहिली. पुढें सबंध ब्रिटनभर हौशी लोकांनीं दरसाल ठराविक जागीं जाऊन पक्षी मोजण्याचा परिपाठ घातला, आणि १९९५ पासूनच्या पंचवीस वर्षांत आपल्याकडील पाकोळ्या निम्म्याहून अधिक घटल्या असें त्यांस दिसून आलें. २०२१ सालीं हा पक्षी तेथील धोक्याच्या तांबड्या यादींत गेला. जो पक्षी प्रत्येक चर्चच्या शिखरावर किंचाळत होता, त्याच्याविषयीं ही गोष्ट आंकड्यांवांचून कोणालाही पटली नसती. आतां तिकडे नव्या घरांच्या भिंतींत पाकोळीसाठीं पोकळ विटा बसविण्यांत येत आहेत.

दुसरें उदाहरण आपल्याच देशांतलें. पाकोळीच्याच कुळांतला एक लहान पक्षी समुद्रकांठच्या गुहांत राहतो व जवळजवळ निव्वळ लाळेचें घरटें करतो. चीनकडे या घरट्यांचें सूप मोठें पक्वान्न समजलें जात असल्यानें तीं चोरीला जातात. महाराष्ट्रांतही वेंगुर्ल्यासमोरच्या खडकाळ बेटांवर या कुळाची एक वसाहत आहे. हुमायून अब्दुलअली यांनीं १९४२ सालींच तिच्यावर मुंबईच्या निसर्गेतिहास मंडळाच्या नियतकालिकांत लेख लिहिला होता, आणि तेथेंही घरटेंचोरांचा उपद्रव पोंचला. अंदमान-निकोबार बेटांत गेल्या शतकाच्या अखेरीस रवि शंकरन् या शास्त्रज्ञानें गुहेमागून गुहा हिंडून, चढून, सरपटत जाऊन घरटीं मोजलीं, आणि ही जात चार पंचमांशांहून अधिक घटल्याचें दाखवून दिलें. त्यानंतर गुहांवर पहारे बसले. पहारेकरी म्हणून पूर्वीं घरटीं काढणारे लोकच घेतले गेले, हा त्यांतला शहाणपणा लक्षांत घेण्यासारखा आहे.

आपल्या घरपाकोळीला सूपाचें भय नाहीं. तिला भय आहे तें ती विपुल असण्याचें. कारण जें विपुल तें कोणी मोजीत नाहीं. २०२३ सालीं भारतांतील पक्ष्यांच्या स्थितीचा एक मोठा अहवाल प्रसिद्ध झाला. सुमारें तीस हजार पक्षिनिरीक्षकांनीं केलेल्या तीन कोटी नोंदींवर तो आधारलेला आहे व त्यांत ९४२ जातींचा विचार केला आहे. त्यांतील केवळ ३३८ जातींच्या बाबतींत दीर्घकालाचा कल ठरवितां आला, आणि त्यांपैकीं शेंकडा साठ जाती घटत्या ठरल्या. उरलेल्या सहाशेंवर जातींविषयीं पुरेशा जुन्या नोंदीच नव्हत्या. तीस हजार निरीक्षक ही संख्या मोठी दिसते. पण पुणें, बंगळूर अशा शहरांतील हौशी मंडळी वजा केली तर एका तालुक्याच्या वांट्याला किती येतील, याचा हिशेब श्रोत्यांनींच करावा.

म्हणून आतां कृतीकडे वळूं. पाकोळी मोजण्यास दुर्बीण नसली तरी चालते. एक वही, एक घड्याळ आणि मूठभर तुरीचे दाणे एवढें साहित्य पुरे. जागा एकच ठरवावी: एक वेस, एक कमान, एक पूल. दोघांनीं जावें हें उत्तम. सूर्यास्तापूर्वीं अर्धा तास बसावें आणि पूर्ण अंधार पडेपर्यंत उठूं नये. प्रथम मोह होतो तो आकाशांतला थवा मोजण्याचा. तो मोजावा, पण त्यावर विसंबूं नये. फिरता थवा एकाला चाळीसांचा तर दुसऱ्याला ऐंशींचा दिसतो, आणि शेजारच्या वस्तींतल्या पाकोळ्याही त्या खेळांत सामील झालेल्या असतात. थवा मोजावयाचाच, तर दहा पक्ष्यांचा पुंजका केवढा दिसतो तें डोळ्यांत बसवून असे किती पुंजके आहेत तें पाहावें, व हें तीन वेळां करावें.

खरी गणती कमानीच्या तोंडाशीं होते. पक्षी आंत गेला कीं तुरीचा एक दाणा उजव्या खिशांतून डाव्या खिशांत टाकावा. पक्षी बाहेर आला कीं एक दाणा परत उजवीकडे. अंधार पडल्यावर डाव्या खिशांत उरले तितके पक्षी त्या रात्रीं तेथें निजले. यांत वजाबाकी न करण्याची चूक नवखे हटकून करतात, कारण पाकोळी एकदां आंत जाऊन स्वस्थ बसत नाहीं. दोन-चार वेळां ये-जा करते, आणि मग एकाच्या चार होतात.

घरटीं मोजावयाचीं तीं दिवसा, खालून, उभ्या जागेवरून. चाळीसारखीं चिकटलेलीं घरटीं एकमेकांत मिसळलेलीं असतात, म्हणून गोळे न मोजतां तोंडें मोजावीं. ज्याच्या तोंडाशीं लांब काड्या लोंबत असतील तेथें बहुधा चिमणी आहे. तें वेगळ्या रकान्यांत लिहावें. खालीं ताजी विष्ठा आहे का, आंतून पिलांची चिकचिक येते का, हेंही टिपावें. समजा, एका कमानींत चाळीस तोंडें दिसलीं आणि संध्याकाळीं तीसच पक्षी आले. तर चाळीस जोडप्यांची वस्ती आहे असें लिहिणें ही लबाडी नसली तरी फसगत आहे. दोन्ही आंकडे लिहावेत आणि त्यांतील अंतरही तसेंच ठेवावें. शिडी लावून, बॅटरीचा झोत टाकून किंवा काठीनें डिवचून केलेली मोजणी करूं नये. अशा मोजणींत मोजावयाची वस्तूच पळून जाते.

महिन्याची निवड महत्त्वाची. आपल्याकडे पाकोळ्यांची वीण फेब्रुवारीपासून सप्टेंबरपर्यंत, जागेजागेप्रमाणें मागेंपुढें, चालते. दोन ते चार अंडीं. सुमारें तीन आठवडे उबविणें. पुढें पांच-सहा आठवडे पिलांचें संगोपन. जानेवारींत मोजलें तर बहुतेक प्रौढ पक्षी हातीं लागतात. पावसाळा सरतांना मोजलें तर त्यांत नवी पिढी मिसळलेली असते. दोन्ही उपयोगाच्या, पण जानेवारीची तुलना जानेवारीशींच करावी. पावसाची झड असेल त्या दिवसाची गणती वेगळी खूण करून ठेवावी. आणि एखाद्या संध्याकाळीं एकही पाकोळी आली नाहीं, तर बेत फसला म्हणून पान कोरें सोडूं नये. तारखेपुढें स्वच्छ शून्य काढावें. कोरें पान आणि शून्य यांत महदंतर आहे, हें शाळेंतल्या मुलालाही समजतें, पण मोठ्यांच्या वहींत हटकून राहून जातें. ज्यांच्या घरीं मुलांच्या हातीं भ्रमणध्वनि आहे त्यांनीं हीच नोंद 'ई-बर्ड' या जागतिक नोंदवहींतही करावी, म्हणजे ती अहवाल करणारांपर्यंत पोंचते.

अशी वही हातीं असली कीं बोलतां येतें. डागडुजीचा ठेकेदार, देवस्थानचे विश्वस्त किंवा नगरपालिकेचा अभियंता यांच्यापुढें 'येथें पुष्कळ पक्षी आहेत हो' असें म्हटलें तर ते हंसून मान हलवितात. 'पूर्वेकडील तिसऱ्या कमानींत बावीस घरटीं आहेत, त्यांपैकीं चौदांत मार्चमध्यें पिलें असतात' असें म्हटलें तर त्यांना उत्तर द्यावें लागतें. मागणीही मोठी नसते. भेगा बुजवावयाच्या त्या ऑक्टोबर ते जानेवारी या काळांत बुजवाव्या. ज्यांत घरटीं आहेत त्या चार-सहा भेगा सोडून द्याव्या. जाळी लावावयाची तर घरट्यांच्या बाजूनें वीतभर मोकळी ठेवावी. जेरुसलेमच्या पश्चिम भिंतींत यहुदी लोक प्रार्थनेच्या चिठ्ठ्या ठेवतात, हें सर्वांस ठाऊक आहे. त्याच भिंतीच्या वरच्या फटींत दरसाल पाकोळ्या वीण करतात, आणि इतक्या पवित्र भिंतीचें पावित्र्य त्यानें उणावलेलें नाहीं. आपल्याकडे कायदाही आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमांत वन्य पक्ष्याचीं अंडीं नासणें किंवा घरट्याला उपद्रव देणें हें शिकारीच्या व्याख्येंतच घातलेलें आहे. पण शेजारच्या गृहस्थाला अधिनियमाचें कलम दाखविण्यापेक्षां आधीं फळी ठोकून द्यावी. कलम हें शेवटीं.

मोजणी करणारांस, विशेषतः पावसाळ्यांत, एक प्रसंग केव्हां ना केव्हां येतो. कमानीखालीं पाकोळीचें पिलूं, कधीं मोठी पाकोळीही, जमिनीवर पडलेली आढळते. पंख लांब, पाय नांवाचे. त्यामुळें सपाट जमिनीवरून तिला उठणें जड जातें, आणि ती जखमी आहे असा समज होतो. तिला हवेंत भिरकावूं नये. मांजर पोंचण्यापूर्वीं उचलावें, पाणी पाजण्याची घाई करूं नये. पिसें न भरलेलें पिलूं असेल तर शक्य तर त्याच घरट्यांत, नाहीं तर लगतच्या घरट्यांत ठेवावें. मोठी पाकोळी असेल तर मोकळ्या जागीं, हात डोक्याच्या वर करून, उघड्या तळव्यावर तिला बसवावें आणि थांबावें. पुष्कळदां ती दोन-तीन मिनिटें नुसती थरथरते. मग पंख फडफडवून तळव्यावरून खालीं झेपावते, जमिनीला लागते न लागते तोंच सांवरते, आणि वेशीवरून निघून जाते.